म्हाताऱ्या डोळ्यांना सरसकट काळा गॉगल नको

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस, जवळ आला की उन्हापासून डोळे कसे जपावेत याचे सल्ले वर्तमानपत्रांतून येऊ लागतात. आपल्याही दैनिकात गेल्या आठवड्यात, ज्येष्ठांनी घराबाहेर पडताना गडद काळा गॉगल लावावा, असा सल्ला छापून आला. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच आहे. पण हा सल्ला जशाच्या तसा पाळला तर आमच्या भागातली काही म्हातारी माणसे पडतील, काहींचे हाड मोडेल, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा सहायक म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतर आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावीच राहते. आजही आजूबाजूच्या खेड्यांतली माणसे चष्म्याची पिशवी घेऊन आमच्या सपरीत येऊन बसतात. कुणाचा मोतीबिंदू पिकायला आलेला, कुणाला काचबिंदू, कुणाचा डोळ्याच्या आतला पडदा शुगरने बिघडलेला, कुणाचा वयाने झिजलेला, कुणाच्या बुबुळावर वडस, म्हणजे पांढऱ्या भागावरून वाढत येणारा मांसल पापुद्रा, चढलेला. प्रत्येकाचे दुखणे निराळे आणि पिशवीतून निघणारा गॉगल मात्र सगळ्यांचा सारखाच, आठवडी बाजारातला शे-दीडशे रुपयांचा, नाहीतर कुठल्या शिबिरात फुकट मिळालेला, काळाकुट्ट.

वय वाढले की डोळ्याची बाहुली लहान होत जाते आणि आतले नैसर्गिक भिंग पिवळसर पडते. विशीतल्या पोराच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीच्या माणसाच्या पडद्यावर पोचतो. नातवाला जो गॉगल छान गार वाटतो, तोच आजोबांना भर दुपारी दिवेलागणीची वेळ दाखवतो. आणि तरीही उन्हाचा त्रास आजोबांनाच जास्त होतो. कारण धूसर झालेल्या भिंगातून उजेड सरळ आत न जाता विखुरतो आणि सगळ्या दृश्यावर पांढरी झळाळ पसरते. आत पोचणारा उजेड कमी आणि झळाळ जास्त, असे दोन्ही त्रास एकाच डोळ्यात असतात. म्हणून म्हाताऱ्या माणसाला झळाळ मारणारी पण उजेड राखणारी काच लागते. नुसती काळी काच दोन्ही मारते.

आमच्याकडची घरे कशी आहेत तेही लक्षात घ्या. मे महिन्यात दुपारी अंगणात लाखभर लक्स (उजेड मोजायचे माप) उजेड असतो. कवेलूच्या घरात उंबरठा ओलांडला की आतल्या खोलीत तो शे-दोनशेवर येतो. खिडक्या उन्हामुळे बंद, दारावर ताटी किंवा ओले पोते, कूलर सुरू. तरुण डोळा एवढा फरक लवकर पचवतो. सत्तरीतल्या डोळ्याला बराच वेळ लागतो आणि त्यात काळी काच डोळ्यावर तशीच राहिली तर त्या शे-दोनशेतलेही पंधरा-वीसच पोचतात. आमच्या गावातल्या एका बुढ्या बाबांना मोतीबिंदूच्या शिबिरात असाच गॉगल मिळाला होता. शेतातून आले, गॉगल न काढताच उंबरठा ओलांडला, आत खाली ठेवलेली कळशी दिसली नाही आणि मनगट मोडले. गॉगल देणाऱ्यांनी तो घरात काढायचा असतो हे सांगितले नव्हते. काच किती गडद आहे हे तर त्यांनाही माहीत नव्हते. बाबा मला एवढेच म्हणाले, “म्याडम, त्याईनं सांगतलं, काढू नका. म्हून म्या नाही काढला.” ऑपरेशननंतरचा हा सल्ला थोड्या दिवसांचा असतो, पण माणसे तो वर्षभर पाळतात. घरात, रात्रीसुद्धा. दिवसरात्र काळ्या काचेआड राहिलेला डोळा अंधाराला सरावतो आणि मग साधा उजेडही बोचू लागतो. गॉगल लावूनच उजेडाचे भय वाढते ते असे.

आता मुख्य गैरसमज. काच जितकी काळी तितके संरक्षण जास्त, असे सगळे धरून चालतात. तसे मुळीच नाही. डोळ्याला अपाय करणारे अतिनील किरण डोळ्याला दिसत नाहीत. ते अडवण्याचा काचेच्या रंगाशी संबंध नसतो, काचेच्या मटेरियलशी आणि तिच्यावरच्या लेपाशी असतो. संपूर्ण पारदर्शक काचही अतिनील किरण पुरते अडवू शकते आणि कोळशासारखी काळी काच ते सोडू शकते. उलट तशी काळी काच साध्या डोळ्यापेक्षाही वाईट, कारण काळोखात बाहुली मोठी होते आणि न अडलेले किरण जास्त आत जातात. म्हणून घेताना ‘यूव्ही ४००’ असे लिहिले आहे का ते बघावे, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडतात. पॉलिकार्बोनेटची, म्हणजे एका मजबूत प्लास्टिकची, काच हे काम बहुतांशी स्वतःच करते, शिवाय सहज फुटत नाही. पऱ्हाटीच्या वाळल्या काड्या, बाभळीचे काटे आणि बंडीच्या चाकाखालून उडणारे खडे यांच्यात वावरणाऱ्या माणसाला खऱ्या काचेपेक्षा तीच बरी.

पण बाजारातल्या गॉगलवर ‘यूव्ही ४००’चा स्टिकर कुणीही चिकटवतो. चांगल्या चष्म्याच्या दुकानात ते मोजायचे यंत्र असते, तिथे दोन मिनिटांत कळते. ते नसेल तर नोटा तपासायचे निळ्या दिव्याचे यंत्र कृषी केंद्रात, पतसंस्थेत, सराफाकडे असतेच. त्या दिव्याखाली पाचशेची नोट धरली की नोटेवरचे काही धागे आणि नंबर चमकतात. दिवा आणि नोट यांच्या मधे गॉगलची काच धरा आणि काचेतून न बघता बाजूने नोटेकडे बघा. चमक गेली तर काच बरेच किरण अडवते आहे. चमक तशीच राहिली तर तो गॉगल परत करा. ही ढोबळ परीक्षा आहे, यंत्रासारखी नेमकी नव्हे, पण निव्वळ रंगवलेले प्लास्टिक हिच्यात पकडले जाते. दुसरी परीक्षा त्याहून सोपी. गॉगल हातभर लांब धरून त्यातून दाराच्या चौकटीची उभी रेघ बघायची आणि गॉगल हळूहळू हलवायचा. रेघ लाटेसारखी वाकली तर ती काच डोके दुखवणार.

काच किती गडद आहे याचेही ठरलेले दर्जे आहेत, शून्य ते चार. दर्जा २ची काच साधारण १८ ते ४३ टक्के उजेड आत सोडते, ३ची ८ ते १८ टक्के, आणि ४ची अवघा ३ ते ८ टक्के. दर्जा ४ बर्फाच्या डोंगरांवर चढणाऱ्यांसाठी असतो आणि तो लावून गाडी चालवायला मनाई आहे. चांगल्या गॉगलच्या काडीवर आतल्या बाजूला हा आकडा बारीक अक्षरात छापलेला असतो. आमच्या शिबिरांत वाटल्या जाणाऱ्या गॉगलवर मी तो शोधते तेव्हा बहुतेक वेळा काहीच सापडत नाही. साठीपुढच्या ज्या माणसाला मुळातच कमी दिसते, त्याला दर्जा २ बहुतेक कामांना पुरतो. भर दुपारी शेतात राहणाऱ्याला ३ चालतो, पण तोही उन्हातच. घरात आणि संध्याकाळी तो डोळ्यावर नको.

आता रंगाचे सांगते, कारण आजारानुसार फरक पडतो तो इथे. राखाडी काच सगळे रंग सारखे मंद करते, रंग खरे ठेवते. तपकिरी, मधाच्या रंगाची किंवा पिवळी काच निळा उजेड कापते. त्यामुळे अनेकांना झळाळ कमी वाटते आणि वस्तूंच्या कडा उठून दिसतात. निळे, गुलाबी, आरसा लावलेले गॉगल तरुणांच्या हौसेसाठी ठीक आहेत.

मोतीबिंदू भिंगाच्या नेमका मधोमध असेल तर माणूस सांगतो की सावलीत बरे दिसते, उन्हात गेलो की आंधळा होतो. डॉक्टर सोडून बाकी सगळे त्याला खोटे ठरवतात. प्रत्यक्षात उन्हात बाहुली आकसते आणि उजेडाला त्या मधल्या डागातूनच जावे लागते. मध्यम तपकिरी काच आणि डोक्यावर काठाची टोपी दिली की बाहुली थोडी उघडते आणि डागाच्या कडेने उजेड आत जातो. अशा माणसाला गॉगलने खरोखरच जास्त दिसते. पण ही सोय ऑपरेशन होईपर्यंतची. राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षण २०१५ ते २०१९ मध्ये झाले, त्यात पन्नाशीपुढच्यांच्या अंधत्वापैकी ६६ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे असल्याचे दिसले. म्हणजे ऑपरेशनने बरे होणारे. गॉगलने बरे वाटते म्हणून ऑपरेशन पुढे ढकलत राहणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्या घरच्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की तसे करू देऊ नका.

ऑपरेशन झाल्यावर पिवळे भिंग जाऊन स्वच्छ भिंग बसते आणि जग एकदम पांढरे-निळे लखलखीत दिसते. पहिले काही आठवडे त्याचा त्रास होतो, मग मेंदू सरावतो. हल्ली बसवतात ती बहुतेक भिंगे अतिनील किरण स्वतःच अडवतात. त्यामुळे नंतरचा गॉगल मुख्यतः धूळ, वारा आणि झळाळ यांच्यासाठी. मात्र अजूनही आमच्या खेड्यांत काही फार जुनी माणसे आहेत, ज्यांचे ऑपरेशन भिंग न बसवता झाले आणि जी दहा नंबरचा जाड भिंगाचा चष्मा लावतात. त्यांच्या डोळ्यात अतिनील किरण अडवणारे भिंगच उरलेले नाही. खरी गरज त्यांना आहे आणि शिबिरातला गॉगल त्यांच्याच उपयोगाचा नाही, कारण तो लावायला नंबरचा चष्मा काढावा लागतो आणि तो काढला की समोरचे माणूसही दिसत नाही. अशांसाठी चष्म्यावरून चढवायचे मोठे गॉगल मिळतात, बाजूनेही झाकणारे. त्यांना हलकी तपकिरी छटा पुरते.

ऑपरेशनला वर्ष-दोन वर्षे झाल्यावर पुन्हा झळाळ वाढली, समोरून येणाऱ्या मोटारसायकलच्या दिव्याभोवती वलये दिसू लागली, तर गॉगलच्या दुकानात न जाता दवाखान्यात जावे. बसवलेल्या भिंगामागचा पातळ पापुद्रा धूसर झालेला असण्याची शक्यता असते. लेझरने तो काही मिनिटांत मोकळा होतो, टाकाबिका काही लागत नाही. लोक ह्याला मोतीबिंदू परत आला म्हणतात आणि घाबरून घरी बसतात.

वयाने पडद्याचा मधला भाग झिजलेला असला की काळ्या-राखाडी गॉगलचा जाच सर्वांत जास्त. आमच्या ओळखीच्या एका आजींना हा आजार आहे. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, कडेने दिसते. त्यांच्या मुलाने पुण्याहून महागाचा राखाडी गॉगल आणला. आजी तो घालायच्याच नाहीत आणि घरात त्यावरून रुसवा. मी नमुन्याच्या काचा घेऊन गेले आणि आम्ही दुपारी त्यांच्याच अंगणात उभ्या राहिलो. ओट्याची पायरी आणि अंगण दोन्ही शेणाने सारवलेले, एकाच रंगाचे. राखाडी काच धरली तेव्हा आजींचा पाय पायरी चाचपत राहिला. तपकिरी धरली तेव्हा म्हणाल्या, “थोडं बरं हाये.” मग गडद मधाच्या रंगाची धरली. त्या थांबल्या, मान कलती करून खाली बघितले आणि म्हणाल्या, “हे काय, इथं त काठ हाये!” पायरीची सावली त्यांना दिसली होती. मग त्यांनी धुऱ्यावरची तुरीची खुंटे बघितली, लिंबाखाली बांधलेली गाय बघितली आणि सुनेला समोर उभे राहायला सांगितले. चेहरा दिसला नाहीच. जो भाग गेला तो काचेने परत येत नाही, आणि हे त्यांना त्याच क्षणी सांगावे लागले. पण पायरी दिसणे ही त्यांच्यासाठी लहान गोष्ट नव्हती. शेवटी पुण्याचा गॉगल मुलाने स्वतःच वापरायला घेतला आणि आजींसाठी चष्म्यावरून लावायचा मधाच्या रंगाचा आणला. सोबत पायरीच्या काठाला पिवळा ऑइलपेंटचा पट्टा मारला. ढगाळ दिवशी आणि सावलीत त्यांना फिकी पिवळी काच जास्त आवडते, म्हणून तीही ठेवली. तिच्यामुळे अंधार होत नाही.

त्याच आजाराच्या नावाने हल्ली दुकानांत ‘ब्लू-कट’ चष्मे खपवले जातात, पडदा वाचतो म्हणून. अशा चष्म्याने पडद्याची झीज थांबते याला ठोस पुरावा नाही. ज्याला त्यातून स्पष्ट दिसते त्याने घ्यावा. औषध म्हणून घेऊ नये.

काचबिंदूवाल्यांची अडचण निराळी. त्यांची कडेची नजर आधीच कापली गेलेली असते, उजेडातून अंधारात जाताना डोळा फार वेळ घेतो आणि राखाडीवर राखाडी दिसत नाही. फिकी ते मध्यम तपकिरी छटा त्यांना मानवते. पण त्यांच्या बाबतीत काचेइतकीच फ्रेम बघावी. फॅशनच्या गॉगलची चार बोटे रुंद काडी उरलीसुरली कडेची नजरही झाकते. मग शेतातल्या पांदणीवर बाजूने येणारी बंडी किंवा बैलाचे शिंग दिसत नाही. काडी बारीक हवी, किंवा बाजूचा भाग आरपार दिसणाऱ्या काचेचा हवा. काही जुन्या थेंबांनी बाहुली टाचणीएवढी होते. ते थेंब सुरू असलेल्याने गडद काच लावली तर जवळजवळ काहीच आत जात नाही. आणि ज्यांच्या डोळ्याचा कोन अरुंद असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे, त्यांनी गडद काच घेण्याआधी विचारावे, कारण अंधारात बाहुली मोठी झाली की अशा डोळ्याचा दाब चढू शकतो.

शुगरने पडदा बिघडला आणि लेझर मारला, की झळाळही सोसत नाही आणि अंधारही. एका गॉगलमध्ये दोन्ही जमत नाही. परवडत असेल तर दोन ठेवावेत, एक मधाच्या रंगाचा उन्हासाठी आणि एक अगदी फिका. वडस वाढलेल्यांना रंगापेक्षा झाकण महत्त्वाचे. ऊन, वारा, धूळ यांनीच तो वाढतो, म्हणून डोळ्याला लगटून बसणारा, बाजूने फट न ठेवणारा गॉगल घ्यावा. सोयाबीनच्या मळणीला उभे राहताना तर नक्कीच.

‘डे-नाइट’ काचांबद्दल मला सर्वांत जास्त विचारले जाते. उन्हात आपोआप काळी होणारी ही काच अतिनील किरणांनी काळी होते, आणि गरमीत ती पुरती काळी होत नाही. थंड हवेत जी छान गडद होते तीच काच आमच्या वर्धा-चंद्रपूर-अकोल्याच्या पंचेचाळीस अंशांत जेमतेम रंगते. दुकानात कूलरसमोर बसून ही गोष्ट कळत नाही. मोटारीत बसले तर समोरची काचच अतिनील किरण अडवते, त्यामुळे तिथेही ती काळी होत नाही. आणि घरात शिरल्यावर पुन्हा पांढरी व्हायला काही मिनिटे घेते, म्हणजे उंबरठ्याचा धोका आहे तिथेच. महागडी आहे म्हणून आपल्या उन्हाळ्यात चालेलच असे नाही. साधा नंबरचा चष्मा आणि त्यावर चढवायचा-उतरवायचा रंगीत गॉगल, हे आमच्या भागात मला जास्त भरवशाचे वाटते.

पोलराइज्ड काच मात्र ज्याला पाण्याशी काम आहे त्याने जरूर बघावी. पाण्यावरून, सिमेंट रोडवरून, टिनावरून आडवी परावर्तित होणारी चमक ती काढून टाकते. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या रोवणीच्या वेळी पाणी भरलेल्या बांधीत वाकून राहणाऱ्या बायांना आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांवर मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांना तिचा फायदा होतो. दोन पोलराइज्ड काचा एकीवर एक धरून एक आडवी फिरवली की मधे काळोख होतो, ही तिची ओळख. पण पोलराइज्ड आहे म्हणजे अतिनील किरण अडतातच असे नाही, ते वेगळे बघावे लागते. आणि तिच्यातून मोबाइलची स्क्रीन कलती धरली की काळी दिसते, तेव्हा मोबाइल बिघडला असे समजू नये.

संध्याकाळी आणि रात्री कोणताच रंग नको. रात्री मोटारसायकल चालवण्यासाठी म्हणून पिवळे गॉगल विकतात. रंग पिवळा असला तरी तो उजेड कापतोच, आणि रात्री म्हाताऱ्या डोळ्याकडे द्यायला उजेड उरलेला नसतो.

गॉगलच्या वरून आणि बाजूने येणारा उजेड तर काच अडवतच नाही. काठाची टोपी घातली की डोळ्यांपर्यंत पोचणारे अतिनील किरण जवळपास निम्म्याने घटतात. आमच्या म्हाताऱ्या बाया डोईवरचा पदर चार बोटे पुढे ओढतात, पुरुष शेल्याची कड कपाळावर घेतात, ते अगदी योग्य आहे. मात्र कापूस वेचणीच्या दिवसांत, कार्तिक-मार्गशीर्षात, सूर्य खाली असतो आणि पदराखालून ऊन थेट डोळ्यात शिरते. तेव्हा थंडी आहे म्हणून गॉगल कुणी लावत नाही. बायांच्या बाबतीत आणखी एक अडसर आहे, तो म्हणजे लाज. ‘बुढी आता हिरोईन झाली’ म्हणून हसतात, म्हणून कित्येक जणी मिळालेला गॉगल पेटीत ठेवून देतात. घरातल्या मुलांनी, सुनांनी आणि विशेषतः नातवंडांनी यात त्यांची बाजू घ्यावी. डोळ्याला आधाराची काठी हवी असेल तर ती वापरण्यात लाजण्यासारखे काही नाही.

आणि काही वेळा गॉगल घ्यायचाच नसतो. डोळा लाल होऊन ठणकतो आहे, उजेड अचानक सोसेनासा झाला, डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखे होते, एका बाजूने काळा पडदा सरकत आला, सरळ रेघ वाकडी दिसू लागली, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठावा. आमच्या भागाला सेवाग्राम, सावंगी, नागपूर हाताशी आहेत. असा डोळा काळ्या काचेआड झाकून ठेवला की आजार पुढे जातो आणि मग हातात काही राहत नाही.

पैशाचे म्हणाल तर राज्य सरकारची २०२४ पासूनची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. ६५ वर्षांपुढच्या आणि वर्षाला दोन लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना साहित्यासाठी एकदा ३००० रुपये थेट खात्यात मिळतात आणि त्या साहित्यात चष्मा आहे. ज्यांना ही रक्कम मिळाली किंवा मिळणार आहे त्यांनी बाजारातल्या पहिल्या काळ्या गॉगलवर ती घालवू नये. आधी डोळे तपासून घ्यावेत, आजाराचे नाव कागदावर लिहून घ्यावे, तो कागद घेऊन चष्म्याच्या दुकानात जावे आणि दुकानदाराला रंगीत नमुने द्यायला सांगून ते दुकानाबाहेर उन्हात येऊन बघावेत. ट्यूबलाइटखाली निवडलेली काच उन्हात उपयोगी ठरेलच असे नाही. दुकानदार कुरकुर करेल. करू द्यावी.

आपल्या दैनिकामार्फत शिबिरे घेणाऱ्या संस्थांना, पक्षांना आणि मंडळांना माझी विनंती आहे. तुमची सेवा मोलाची आहे आणि ज्येष्ठांच्या मनात तुमच्याबद्दल आदर आहे. पण पाचशे एकसारखे काळे गॉगल घाऊक घेण्याऐवजी त्याच पैशात दोनशे घ्या, पण यूव्ही ४००चे, दर्जा २चे, तपकिरी, आणि त्यांतले निम्मे चष्म्यावरून चढणारे. ज्यांचा पडदा बिघडला आहे त्यांच्यासाठी मधाच्या रंगाचे थोडे वेगळे ठेवा. प्रत्येक गॉगलसोबत मराठीत एक चिठ्ठी द्या: घरात शिरण्याआधी उंबरठ्याबाहेर थांबायचे, गॉगल काढायचा, डोळा आत सरावू द्यायचा, मग पाय टाकायचा. वाचता येत नसेल तर सोबतच्या माणसाला तोंडी सांगा. जिल्हा आरोग्य यंत्रणेने नेत्रतपासणीच्या टेबलावर नंबरच्या काचांच्या पेटीशेजारी पाच-सहा रंगीत नमुना काचा ठेवल्या तर खर्च फारसा येत नाही.

माझ्याकडे अशा नमुना काचांचा डबा आहे. आर्वी तालुक्यात कुणी शिबिर घेणार असेल तर तो घेऊन मी स्वतः यायला तयार आहे, मानधन नको. वेळ सकाळी दहानंतरची ठेवावी आणि माझे टेबल मांडवाच्या कडेला, जिथून चार पावलांवर ऊन आहे, तिथे लावावे.

आपली नम्र,
एक वाचक
निवृत्त नेत्रचिकित्सा सहायक
ता. आर्वी, जि. वर्धा